उभ्यानं खायचा वाटाणा

वाटाणा लावायचं खूळ माझ्या डोक्यात कोणी घातलं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. दोष द्यायला कोणीतरी असलेलं बरं असतं. पण दर वेळी फिरून फिरून मीच हाती लागतो, म्हणून तो नाद सोडून दिला.

मी शेतकऱ्याचा मुलगा. पण कुठल्या शेतकऱ्याचा, तर अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. पावसावर येईल ते पीक, म्हणजे पऱ्हाटी (आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात), तूर, ज्वारी, आणि पाऊस गेल्यावर जमिनीतल्या ओलीवर हरभरा. पाणी देऊन काही पिकवायचं, ही कल्पनाच आमच्या घराण्याला शिवली नव्हती. तरी कचेरीत कारकुनी लागल्यावर मी चारचौघांत ‘आम्ही शेतकरी’ असं इतक्यांदा म्हणून बसलो होतो, की आता काहीतरी पिकवून दाखवणं भाग होतं.

पहिला प्रयोग अकोल्यात झाला. भाड्याच्या खोलीमागे एक मोकळा पट्टा होता आणि हाताशी विहीर. दसरा झाल्यावर मी वाटाणा टोबला आणि रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी घातलं. खारं पाणी. ज्या पाण्यापायी आमच्या वाडवडिलांनी कधी भाजीपाला केला नाही, तेच पाणी मी दोरानं ओढून ओढून घालत होतो. रोपं वीतभर झाली, पिवळी पडली, आणि मातीवर पांढरी खपली धरली. ही काहीतरी कीड असावी असं समजून मी ती धुऊन काढायला आणखी पाणी घातलं. घरमालक ओट्यावर बसून पाहत होते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी म्हणाले, “भाऊ, वाटाणा लावला म्हने तुमी. मले वाटलं लोणचं घालून राह्यले.”

दुसऱ्या वर्षी माझी बदली अमरावतीला झाली आणि त्याच उन्हाळ्यात लग्नही झालं. बायको अमरावतीचीच, त्यामुळे ज्या ओळीत आम्ही घर घेतलं तिथं ती लेक ठरली आणि मी जावई. बाजूच्या घरातल्या काकू तिच्या माहेरच्या ओळखीच्या. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘जवाईबापू’ म्हणायच्या. ऐकायला गोड वाटतं, पण जावई म्हणजे गावभर ज्याची गंमत करायची मुभा असते तो माणूस, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. ओळीच्या टोकाच्या घरात आमच्या कचेरीतले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, राहत. कचेरीत डोक्यावर आणि घरीही डोक्यावर. त्यांच्या बाईही तशाच. कोणी काही सांगितलं की त्या आधी हनुवटी वर करायच्या आणि मग “बगू बाई” म्हणायच्या.

घरांच्या मागे सगळ्यांचं मिळून एक आवार होतं. प्रत्येकाच्या दारामागे चार हात जमीन, मधून जायला वाट, आणि वाटेच्या शेवटी सगळ्यांचा मिळून संडास. या संडासाचा उल्लेख मला टाळता आला असता तर फार बरं झालं असतं, पण पुढे त्याचं काम आहे.

नळाला गोडं पाणी येत होतं. आता माझी माती, माझं पाणी. दसऱ्यानंतर मी वाटाणा टोबला आणि दिवाळीला तो असा तरारून वर आला की मला अकोल्याच्या घरमालकांना बोलावून आणावंसं वाटलं. वेलांना आधार हवा होता. बायकोने पावसाळ्याआधी सरपणासाठी बंडीभर वाळक्या पऱ्हाट्या घेऊन रचून ठेवल्या होत्या. त्यांना फांद्या फुटलेल्या असतात, वेल धरायला याहून चांगलं काय? मी अर्धा ढीग उचलून ओळीनं खोचून टाकला.

“अजी, सयपाक कशावर करू?” बायकोने विचारलं.

“गोवऱ्या आहेत की.”

“आन् धूर कोन खाईल?”

मी म्हणालो, महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. तिने गोवऱ्यांवर चूल पेटवली आणि घरात असा धूर झाला की जेवताना मला भाकरी चाचपून शोधावी लागली. मधे एकदा तिने एक पऱ्हाटी उपसून पाहिली, तर वेलाने तिला मिठी मारलेली. ओढली असती तर झाडच आलं असतं. तिने ती पुन्हा खोचली आणि माझ्याकडे पाहिलं. नव्या लग्नात बायको बोलत नाही, नुसती पाहते. ते दिवस सुखाचे म्हणतात, त्यांनी ते पाहणं पाहिलेलं नसतं.

पांढरी फुलं आली. आणि इथे मी तोंड उघडलं.

झालं असं, की सकाळी नळावर बायका संक्रांतीच्या वाणाची चर्चा करत होत्या. कोणी आरसे देणार, कोणी करंडे, कोणी कंगवे. माझ्या बायकोची लग्नानंतरची पहिली संक्रांत. तिने काय द्यायचं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं. मी आपला बादली घेऊन मागे उभा होतो. पुरुषाने अशा वेळी बादलीकडे पाहावं. पण मी म्हणालो, “आमच्याकडून घरच्या वाटाण्याच्या शेंगा! ओंजळ ओंजळ!”

सगळ्या वळल्या. बडेबाबूंच्या बाईंनी हनुवटी वर केली. “फुलं तं दिसून राह्यली. शेंगा लागतीन तवा बगू बाई.”

“लागतीन ना,” माझी बायको म्हणाली. आवाज शांत होता. “माह्या हातानं देईन. सगळ्यायले.”

घरात आल्यावर तिने माझ्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. “आता दुसरं वाण मी आनत नाही. पहिली सक्रांत हाये माही. शब्द तुमचा, पन नाक माहं.”

आता नाकाचा प्रश्न आला म्हटल्यावर मी जीव लावून त्या वेलांकडे लक्ष द्यायला हवं होतं. मी दिलंही. शेंगा लागल्या, चपट्या होत्या त्या फुगायला लागल्या, दाणा हाताला लागायला लागला. अजून संक्रांतीला अवकाश होता. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं. या वेळी कचेरीत.

बडेबाबू दुपारी डब्यानंतर एक संत्रं सोलायचे आणि आम्हा कारकुनांना एकेक फोड वाटायचे. मोजून. उरलेल्या स्वतः खायचे. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली फोड नेमकी वाळकी निघाली, आणि मला आमचं गाव आठवलं. आमच्याकडे हरभरा घाट्यांवर आला की रस्त्याने जाणारा कोणीही धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत येऊन चार डहाळे उपटून खातो. त्याला कोणी हटकत नाही. आमचे वडील तर लांबून हाक मारून सांगत, “उभ्यानं खाय, पोटभर खाय, बांधून नेऊ नको.” एवढाच कायदा. उभ्याने खाणारा पाहुणा, पदरात बांधणारा चोर.

हे सगळं मी त्या वाळक्या फोडीच्या रागात सांगितलं, वर म्हणालो, “आम्ही शेतकरी लोक. आमच्याकडे मोजून देत नाहीत.”

बडेबाबूंनी शेवटची फोड तोंडात टाकली. बी काढून नीट कागदावर ठेवली. “असं म्हनता? मंग येतो रविवारी तुमच्या वावरात.”

आले. एकटे नाही, सगळी कचेरी घेऊन आले. घरामागच्या त्या चार हात जमिनीत माझ्या कचेरीतली यच्चयावत माणसं दाटीवाटीने उभी राहिली आणि शेंगा तोडून खाऊ लागली. आधी मी हसत होतो. मग मला दिसलं की बडेबाबू एका हाताने तोडतात, दुसऱ्या हाताने सोलतात आणि तोंड चालूच असतं. तीस वर्षं फायली हाताळलेला हात तो. पायाशी सालींचा ढीग झाला. मला एक युक्ती सुचली. मी आतून खुर्ची आणली.

“बडेबाबू, बसा ना. किती वेळ उभे राहाल?”

मनात असं की एकदा बसले की कायदा मोडला. उभ्याने खाण्याचा हक्क बसल्यावर संपतो, हे मी मग हसत हसत सांगू शकलो असतो.

“नाही बाप्पा!” बडेबाबू तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. “नेम हाये ना तुमच्या घराण्याचा? आपन नाही मोडनार. उभ्यानंच.”

जाताना सगळ्यांनी धोतर, पायजमे झटकून दाखवले. एक शेंग कोणी बांधून नेली नाही. कायद्याने वागणाऱ्या माणसांइतका वैताग दुसरं कोणी आणत नाही.

ओळीत ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवसापासून जो तो संडासाला जाताना-येताना माझ्या वाटाण्यापाशी थांबायला लागला. जाताना थांबणाऱ्यांचं मला काही नव्हतं. काकू तर सकाळची भांडी घासून झाली की तिथंच उभ्या राहून बायकोशी गप्पा मारत, आणि गप्पा मारताना हात रिकामे कसे ठेवायचे? “जवाईबापू, गोड हाय वो तुमचा वाटाना,” असं मला सांगत. मी “खा ना काकू” म्हणत असे. दुसरं काय म्हणणार? वडिलांचा कायदा मीच तर चौकात नेऊन टांगला होता.

बायको संध्याकाळी वेलांवरून नजर फिरवायची. “लोक बांधून नाही नेऊन राह्यले, खरं हाये,” ती म्हणाली. “पोटात नेऊन राह्यले.”

“नव्या शेंगा येतायत की.”

“सक्रांतीले वाण म्हून फुलं देऊ का?”

मला रात्रंदिवस तेच. माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ‘हो’ म्हणून पुरत नाही. कुंपण घालावं तर कंजूष ठरतो. उपाय असा हवा होता की लोकांनी स्वतःहूनच हात लावू नये आणि माझ्या तोंडून ‘नका खाऊ’ असा शब्द निघू नये.

नेमके तेव्हाच हिवतापवाले आले. त्या वर्षांत ते घरोघर फिरून भिंतींवर डीडीटी मारायचे. खाकी कपडे, पाठीला पंप, दारावर गेरूने तारीख लिहायचे. भांडी-कुंडी बाहेर काढा, पिठाचा डबा झाका, पोरांना भिंतीला हात लावू देऊ नका, असं बजावून गेले. दोन दिवस भिंतींवर पांढरी फक्की दिसत होती आणि बायका आपल्याच भिंतीपासून अंग चोरून चालत होत्या. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, देव खरंच आहे.

पहाटे उठून मी बायकोच्या डब्यातलं ज्वारीचं पीठ एका फडक्यात घेतलं आणि वेलांवर झटकलं. छान पांढरी फक्की बसली. मग काकू भांडी घेऊन आल्या, तशा मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, “काकू, जरा जपून हं. वेलावर कीड पडली म्हणून थोडी डीडीटी मारलीय. हिला बोलू नका, उगाच घाबरेल.”

काकूंनी पुढे केलेला हात मागे घेतला, पदराला पुसला, आणि भांडी न घासताच घरात गेल्या. दिवस मावळेपर्यंत सगळ्या ओळीला ठाऊक झालं होतं. माझ्या वाटाण्याला लोक वळसा घालून जाऊ लागले. बडेबाबू कचेरीत म्हणाले, “खाण्याच्या वस्तूवर जहर मारता? कसले शेतकरी बाप्पा तुमी!” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आतून गुदगुल्या होत होत्या.

एवढंच झालं, की रात्री दव पडलं आणि सकाळी पानापानावर पीठ भिजून आंबील झाली. त्यावर मुंग्यांची रांग लागली. बायकोने पाहिलं, बोट लावून वास घेतला, मग घरात जाऊन डबा हलवून पाहिला.

“हे पीठ कोनं सांडलं?”

“किडीवर उपाय आहे,” मी म्हणालो. “आमच्याकडे मारतात.”

“किडीले भाकरी खाऊ घालतेत तुमच्याकडे?” ती म्हणाली, पण पुढे काही बोलली नाही, कारण शेंगा खरंच टिकू लागल्या होत्या. लोक एकदम खायचे का थांबले, हे तिला कळेना. पोट भरलं असेल बिचाऱ्यांचं, असं तिने ठरवून टाकलं. म्हणजे पीठ आहे हे फक्त तिला ठाऊक, आणि डीडीटी आहे हे तिला सोडून सगळ्यांना. मधला मी, दोन्ही ठाऊक असलेला, रोज संध्याकाळी वेलांपाशी हात मागे बांधून फिरत होतो. फुगलेल्या शेंगांनी पऱ्हाट्या वाकल्या होत्या.

संक्रांतीच्या दिवशी सकाळीच बायकोने सूपभर शेंगा तोडल्या. दोनदा धुतल्या. सुगडांत बोरं, गव्हाच्या ओंब्या, हरभरा, उसाची कांडी आणि वर आपल्या वाटाण्याच्या शेंगा. काळं लुगडं नेसून ती त्या सुपाशेजारी बसली तेव्हा, खरं सांगतो, धूर खाऊन लाल झालेले तिचे डोळे मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा खूश दिसले.

दुपारी बायका यायला लागल्या, तसा मी आत स्वयंपाकघरात गेलो. हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? दाराच्या फटीतून पाहत होतो. बायको हळदीकुंकू लावी, तिळगूळ देई, ओंजळभर शेंगा पदरात घाली. पहिलीने त्या पदरात घेतल्या खऱ्या, पण विंचू पदरात पडल्यासारखा पदर अंगापासून लांब धरला. दुसरीने “हो हो, द्या ना,” म्हणत घेतल्या आणि जाताना चपलांपाशी वाकून हळूच खाली ठेवल्या. मग तिसरीने. भिंतीच्या कडेला शेंगांची लहान लहान ढिगुळं होत गेली. काकूंनी तर तिळगूळ तोंडात टाकला, शेंगा हातात घेतल्या, एकदा शेंगांकडे, एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. कावळा न शिवलेल्या नैवेद्यासारखं काहीतरी माझ्या मनात आलं. सणाच्या दिवशी तसलं मनात आणू नये म्हणून मी जीभ चावली, पण दिसत होतं तेच दिसत होतं.

बायकोलाही दिसलं. ती आत आली. चेहरा पांढरा.

“अजी, वाण कोनी नेऊन नाही राह्यलं. भिताडापाशी ठेवून राह्यल्या. काहून?”

मी सांगितलं. दुसरा रस्ता नव्हता. डीडीटीचं सांगितलं, काकूंच्या कानात सांगितल्याचं सांगितलं, तिला न सांगायला सांगितल्याचंही सांगितलं. ती ऐकत होती. बाहेर बायकांचं कुजबुजणं. दाराच्या फटीतून सूप दिसत होतं, अजून अर्धं भरलेलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने माझं मनगट धरलं. “चला.”

“कुठं?”

“बाहेर.”

“अगं हळदीकुंकू चाललंय, बाया आहेत—”

“बायायसाठीच चला.”

आणि मला भर हळदीकुंकवात, काळी लुगडी नेसलेल्या सगळ्या ओळीच्या बायकांसमोर आणून उभं केलं. तिने सुपातली एक शेंग उचलली. “डीडीटी नाही मारली. माह्या डब्यातलं ज्वारीचं पीठ झटकलं यायनं. तुमी खाऊ नये म्हून. आता खाऊन दाखवतीन.” आणि मला म्हणाली, “खा.”

मी शेजारच्या पाटाकडे पाहिलं.

“बसून नाही. उभ्यानं.”

मी उभ्याने शेंग सोलली, दाणे खाल्ले. हसून दाखवलं. काकूंनी डोळे उघडले. पण बडेबाबूंच्या बाई पुढे आल्या, हनुवटी वर. “दाने खाऊन काय होते? फक्की सालीवर बसते, आत नाही जात. सालीसकट खातीन तवा बगू बाई.”

मी बायकोकडे पाहिलं. तिने दुसरी शेंग माझ्या हातात ठेवली.

वाटाण्याची साल ज्याने कधी कच्ची चावली नसेल, त्याला मी काय सांगू? आत एक कागदासारखा चिवट पापुद्रा असतो. तो दाताखाली फिरतो, घशात अडकतो, गिळला तर पुन्हा वर येतो. मी म्हशीसारखा रवंथ करत उभा राहिलो. गिळली.

“एक शेंग धुतली असंल नीट,” मागून कोणीतरी. “माह्यातली खाऊन दाखवा जवाईबापू.”

“माह्यातली बी.”

“मंग माही काहून सोडता?”

प्रत्येकीने आपापल्या ओंजळीतली एकेक शेंग पुढे केली. मी एकीकडून दुसरीकडे सरकत खात गेलो, सालीसकट. अर्ध्यावर आल्यावर त्या हसायला लागल्या. आणि हसायला लागल्यावर तर त्यांना ते थांबवावंसंच वाटेना. ज्या येऊन गेल्या होत्या त्यांना काकूंनी दारात उभं राहून हाका मारल्या, “या वो, जवाईबापू जहर खाऊन राह्यले!” त्या परत आल्या. त्यांच्याही शेंगा आल्या. भिंतीपाशी ठेवलेली ढिगुळं आपापल्या मालकिणींनी उचलली, माझ्यापुढे धरली, आणि मी त्यातली एक शेंग खाल्ली की पदराची गाठ बांधली.

शेवटी बडेबाबूंच्या बाईंनी दोन ओंजळी मागून घेतल्या. सूप रिकामं झालं. एकूण एक बाई वाण बांधून घेऊन गेली. आमच्या घराण्याचा कायदा त्या दिवशी साफ उलटा झाला: बांधून लोकांनी नेलं आणि उभ्याने मालकाने खाल्लं.

दिवेलागणीला माझ्या पोटात पहिली कळ आली.

मी चटकन उठलो, टमरेल उचललं. बायको दारात आडवी.

“कुठं?”

“अगं, कुठं म्हणजे!”

“आत्ताच्या आत्ता? समद्यायच्या दारावरून? आत्ता कुठं चुलीवर चढवून राह्यल्या त्या वाटाना! तुमाले पयत जाताना पाह्यलं का समदं उकिरड्यावर जाईल. माहं वाण!”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि माझं पोट त्याहून खरं. आमचा तह असा झाला, की जायचं, पण पळायचं नाही. रमत-गमत जायचं. टमरेल झाकून. शक्य तर गुणगुणत. मी त्या वाटेने गेलो तेव्हा दर दारातून कोणी ना कोणी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी दर दाराला हसून मान हलवली. येताना तसंच. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा बडेबाबू ओट्यावर होते. “काय, फिरायले?” त्यांनी विचारलं. “हवा छान सुटलीय,” मी म्हणालो, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड वाक्य होतं.

ओळीतून फोडणीचा वास यायला लागला. प्रत्येक घरातून तोच, वाटाण्याच्या भाताचा. माझी बायको दारात उभी राहून तो वास मोजत होती जणू. हे घर झालं, ते घर झालं, टोकाचं अजून राहिलं. मी भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, सगळी ओळ एकदाची जेवण्याची वाट पाहत होतो. भिंतीवर डीडीटी होती, खरीखुरी. पण तेव्हा मला तिचं काही वाटलं नाही.

तेवढ्यात काकू आल्या. हातात वाडगा, वर ताट झाकलेलं. झाकण काढलं तर वाफाळता भात आणि त्यात हिरवेगार, टपोरे, माझेच वाटाणे. मी धडपडत उठून उभा राहिलो.

“घ्या जवाईबापू. आमच्या घरी समद्यायनं बोटं चाटून खाल्लं. म्हटलं, पिकवनाऱ्याले पयले. माह्या समोर दोन घास घ्या, मले बरं वाटंल.”

बायको काकूंच्या मागे उभी. तिने डोळे मोठे केले. टोकाचं घर अजून जेवायचं होतं.

“बसा ना,” काकू म्हणाल्या. “बसून खा आरामात.”

बसलो असतो तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. मी वाडगा हातात घेतला, पाय आवळून ताठ उभा राहिलो आणि पहिला घास उचलला.

“नाही काकू,” मी म्हणालो. “नेम आहे आमच्या घराण्याचा. उभ्यानंच.”

काकूंच्या पाठीमागे माझ्या बायकोने तोंडात पदर कोंबला आणि ती चुलीकडे पळाली.